2024 चं सिनेमावर्ष, ऑस्करची शर्यत आणि छाया कदम

सांजवात | 4 मार्च 2025, रात्री 10:40

ऑस्कर सोमवारी पहाटे झाले, निकाल सगळ्यांनी वाचलेच असतील. ‘अनोरा’ला पाच मिळाले, त्यातले चार एकट्या शॉन बेकरचे, निर्मिती, दिग्दर्शन, पटकथा आणि संकलन. एकाच सिनेमासाठी एका रात्रीत चार ऑस्कर याआधी कुणालाच मिळाले नव्हते. त्यावर खाली बोलूच, पण मला आधी आपल्याकडच्या वर्षाबद्दल लिहायचंय कारण ते गेले कित्येक महिने डोक्यात घोळतंय.

माझ्या मते 2024 हे छाया कदम यांचं वर्ष होतं आणि आपण मराठी लोकांनी ते पुरेसं मोठ्याने म्हटलेलं नाही.

बघा ना. 1 मार्चला ‘लापता लेडीज’ लागला, त्यात स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई त्या. मे महिन्यात फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मुख्य स्पर्धेत होता, 30 वर्षांनी भारतीय सिनेमा तिथे पोचला आणि ग्रां प्री घेऊन आला, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. त्यात हॉस्पिटलातली स्वयंपाकीण पार्वती त्याच. त्याच कानमध्ये डिरेक्टर्स फोर्टनाइट विभागात राधिका आपटेचा ‘सिस्टर मिडनाइट’ होता, त्यातही त्या. आईची साडी आणि नथ घालून गेल्या होत्या त्या तिथे, फोटो बघून मला इतकं भरून आलं होतं.

मग सप्टेंबरमध्ये फिल्म फेडरेशनने ऑस्करला ‘लापता लेडीज’ पाठवला. म्हणजे भारताने पाठवला त्या सिनेमात त्या, आणि जो पाठवायला हवा होता असं अर्धं जग म्हणत होतं त्यातही त्याच. जी बाई ‘फँड्री’त जब्याची आई होती, ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला आसरा देणारी अक्का होती, ‘न्यूड’मध्ये होती, तिला आपण इतकी वर्षं ‘अरे ती, ती नाही का’ असंच ओळखत आलो. नाव घेऊन किती जणांनी ओळखलं?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. 22 नोव्हेंबरला ‘ऑल वी इमॅजिन’ भारतभर लागला तेव्हा मी ठाण्यात शो शोधत होते, जवळच्या मल्टिप्लेक्सात दुपारचा एकच शो, तोही आठवड्याच्या मधल्या वारी. नोकरी करणाऱ्या माणसाने जायचं कसं? सिनेमाच मुंबईत नोकरी करणाऱ्या बायकांचा, आणि त्याच बायकांना जाता येणार नाही अशी वेळ. पुढच्या शुक्रवारी तोही गेला. 3 जानेवारीला हॉटस्टारवर आला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी पहिल्यांदा बघितला आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हा थिएटरला कधी आला होता गं?

तर तुमचं वर्ष कसं गेलं सांगा. फेडरेशनचं चुकलं का तेही सांगा. मला तरी वाटतं चुकलं, पण त्याहून मोठी चूक शोच्या वेळा ठरवणाऱ्यांची आहे.

रीळ | 4 मार्च, रात्री 11:25

चांगला धागा ताई. प्रोसेस काय असते ते थोडं लिहितो कारण व्हॉट्सॲपवर भलतंच फिरतंय.

आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या ऑस्करला प्रत्येक देशातून एकच सिनेमा जातो, आणि कुठला जायचा ते त्या त्या देशाची संस्था ठरवते, आपल्याकडे फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया. अट अशी की सिनेमा आपल्या देशात थिएटरला सलग सात दिवस चाललेला हवा आणि यंदा त्याची शेवटची तारीख होती 30 सप्टेंबर. म्हणून तर ‘ऑल वी इमॅजिन’ आधी 21 सप्टेंबरला केरळात मोजक्या ठिकाणी लावला होता. म्हणजे त्यांनी पात्रता केली होती, उशीर झाला म्हणून राहिला असं काही नाही. 29 सिनेमांतून निवड झाली, निवड समितीचे अध्यक्ष जाह्नू बरुआ, समितीत 13 जण आणि तेराही पुरुष. नंतर फेडरेशनचे अध्यक्ष म्हणाले की समितीला वाटलं आपण भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतोय.

हे वाक्य मला अजूनही पचत नाही. मुंबईची लोकल, दादरची गर्दी, मल्याळी नर्स, रत्नागिरीची बाई, संवाद मल्याळम, हिंदी आणि मराठी, दिग्दर्शक पुण्याच्या इन्स्टिट्यूटची. यात युरोपियन काय आहे? पैसे फ्रान्सचे, नेदरलँड्सचे, लक्झेंबर्गचे लागलेत हे खरं. पण ते का लागले? अशा सिनेमाला इथे पैसे मिळत नाहीत म्हणून.

आणि गंमत नाही, वाईट याचं वाटतं की फ्रान्सनेही याला आपल्या शेवटच्या चार सिनेमांत घेतलं होतं. त्यांनी मेक्सिकोत घडणारा, गाण्यांचा ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. म्हणजे दोन देशांच्या दारात उभा राहिलेला सिनेमा दोन्हीकडून परत आला. गोल्डन ग्लोबला पायलला दिग्दर्शनाचं नामांकन होतं, असं नामांकन मिळालेली ती पहिली भारतीय बाई. साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात वर्षातला सर्वोत्तम सिनेमा. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडच्या समीक्षक संघटनांचे परदेशी सिनेमाचे पुरस्कार. आणि ऑस्करला एकही नामांकन नाही.

तिसरी_घंटा | 5 मार्च, सकाळी 8:10

असहमत. म्हणजे ‘ऑल वी इमॅजिन’ मोठा सिनेमा आहे यावर वादच नाही पण दर वेळी ‘लापता लेडीज’ला कमी लेखून तो मोठा करायची गरज काय आहे?

‘लापता लेडीज’ मी सासूबाईंबरोबर बघितला, घरी, नेटफ्लिक्सवर. त्या एरवी सिनेमा लावला की अर्ध्या तासात उठून जातात. या वेळी बसून राहिल्या, आणि नवी नवरी फूल हिला सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही तो भाग आला तेव्हा म्हणाल्या माझं लग्न झालं तेव्हा मलाही गाव धड सांगता आलं नसतं, नदी कुठे ते सांगितलं असतं. नंतर तासभर बोलत होत्या, ज्या गोष्टी मी लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांच्याकडून ऐकल्या नव्हत्या त्या. स्टार नसलेला सिनेमा, तीन नवीन पोरं, आणि घराघरात गेला. हेही सिनेमाचं काम आहे ना? समितीला तो भारताचा वाटला तर मला त्यात गैर वाटत नाही.

फेडरेशनच्या निवडीच्या पत्रात भारतीय बायकांबद्दल जे लिहिलं होतं, अधीनता आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण वगैरे, ते मात्र भयंकर होतं. असल्या सिनेमाला असलं पत्र.

रीळ | 5 मार्च, सकाळी 9:02

तिसरी_घंटा, कमी लेखत नाहीये. मलाही आवडला तो. पण प्रश्न ‘चांगला कुठला’ एवढाच नाही. सप्टेंबरमध्ये समिती बसली तेव्हा एक सिनेमा असा होता की जो कानला जिंकलेला, अमेरिकेत वितरक ठरलेला, तिथले समीक्षक आधीच त्याच्यावर लिहीत होते. दुसऱ्याला सगळी ओळख शून्यापासून करून द्यायची होती. शेवटी तिकडे नाव बदलून ‘लॉस्ट लेडीज’ केलं, पोस्टर नवीन केलं, किरण राव आणि आमिर खान स्वतः फिरले. 17 डिसेंबरला 15 सिनेमांची यादी आली त्यात तो नव्हता. त्यांनी मेहनत कमी केली म्हणून नाही, वेळच हातात नव्हता.

आणि त्या यादीत हिंदी सिनेमा होता बरं का! ‘संतोष’. संध्या सुरीचा, शहाना गोस्वामी आणि सुनीता राजवार. पाठवला कुणी तर ब्रिटनने.

एडिसनकर | 5 मार्च, सकाळी 10:45

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे ऑफिसात ऑस्करचं पूल लावतात, म्हणजे कोण जिंकणार यावर पैज, म्हणून दरवर्षी शर्यत फॉलो करतो, यंदासारखी शर्यत बघितली नव्हती.

जानेवारीच्या सुरुवातीला गोल्डन ग्लोब झाले तेव्हा ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘एमिलिया पेरेझ’ पुढे. मग लॉस एंजेलिसला आगी लागल्या, कितीतरी लोकांची घरं गेली, त्यात सिनेमातले लोकही खूप, नामांकनं 17 वरून 23 जानेवारीवर गेली. ‘एमिलिया पेरेझ’ला 13 नामांकनं आली आणि सगळे म्हणाले संपलं, नेटफ्लिक्सला अखेर बेस्ट पिक्चर मिळणार. आणि आठवड्याच्या आत त्यातल्या नायिकेची, कार्ला सोफिया गास्कोनची, जुनी ट्वीट्स बाहेर आली, मुसलमानांबद्दल, अमेरिकेत पोलिसाने मारलेल्या जॉर्ज फ्लॉइडबद्दल, आणि कॅम्पेन कोसळलंच. मेक्सिकोतले लोक तर आधीपासून चिडलेले होते, आमच्या देशात माणसं बेपत्ता होतात त्या दुःखाचं तुम्ही पॅरिसजवळच्या स्टुडिओत बसून गाणं केलंत म्हणून. शेवटी दोनच मिळाले, झोई साल्डान्या आणि गाणं.

‘अनोरा’ तोपर्यंत शांत होता. ग्लोबला एकही मिळालं नव्हतं. मग 8 फेब्रुवारीच्या आसपास एकाच वीकेंडला क्रिटिक्स चॉईस, प्रोड्युसर्स गिल्ड आणि डिरेक्टर्स गिल्ड, म्हणजे समीक्षकांचा, निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांचा, तिन्ही पुरस्कार त्याच्याकडे.

हे का झालं ते समजून घ्यायला मतदान बघा. बेस्ट पिक्चरला लोक दहा सिनेमांना क्रम देतात. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली मतं नसतील तर सगळ्यात खालचा सिनेमा बाद, आणि त्याला पहिलं मत देणाऱ्यांचं मत त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे जातं. असं करत करत एकाला निम्म्याहून जास्त मिळेपर्यंत. त्यामुळे ज्याच्यावर काही जण जीव टाकतात आणि बाकीचे चिडतात असा सिनेमा मागे पडतो, आणि जो बऱ्याच जणांच्या यादीत दुसरा-तिसरा असतो तो वर येतो. ‘एमिलिया पेरेझ’ पहिल्या प्रकारचा होता, ‘अनोरा’ दुसऱ्या.

साठ लाख डॉलरचा सिनेमा आहे तो. हॉलिवूडच्या हिशोबात काहीच नाही. बेकरने दिग्दर्शनाचं घेताना सांगितलं की सिनेमा थिएटरला जाऊन बघा, थिएटरं बंद पडतायत. ताई, तुमच्या शोच्या वेळेच्या तक्रारीशी हे जोडूनच आहे.

दर्यावर्दी | 5 मार्च, दुपारी 3:30

मी रत्नागिरीचा. पायलच्या सिनेमावर सगळे मुंबईबद्दल लिहितात, शेवटच्या भागाबद्दल फार कमी लिहितात म्हणून लिहितोय.

पार्वतीची चाळ बिल्डर पाडणार असतो आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे घराचा एकही कागद नसतो. इतकी वर्षं राहिली, पण राहिल्याचा पुरावा नाही. शेवटी ती गावी परत येते. हे बाहेरच्या माणसाला कदाचित गोष्टीतलं वळण वाटेल. आमच्याकडे प्रत्येक वाडीत असं एक तरी घर आहे. गिरणीत गेलेला आजोबा, मनीऑर्डरवर चाललेलं घर, मग संप, मग खोली विकली किंवा सुटली, आणि म्हातारपणी परत कोकणात. मुंबई आमच्या माणसांनी बांधली आणि आमची माणसंच तिथून कागद नाही म्हणून निघाली, हे इतकं सरळ मी आजवर कुठल्या मराठी सिनेमात बघितलं नाही. आणि हे एका बिगरकोकणी मुलीने बघितलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

छाया कदम यांचं चालणं बघा त्या भागात. मुंबईत पार्वती घाईत चालते, गावी आल्यावर पाय बदलतात. समुद्राकडे जाताना ती पाहुण्यांसारखी बघत नाही, घरच्यासारखी जाते. हे शिकवून येत नाही.

जाता जाता, आमच्याकडे थिएटरला मी तरी तो लागलेला बघितला नाही. ज्या जिल्ह्याची गोष्ट तिथेच नाही.

सांजवात | 5 मार्च, रात्री 9:15

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. पाय बदलतात हे अगदी खरं आहे, मी आत्ता परत लावून बघितलं. ती आणि नर्स प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तिथेही बघा, ती आधी हसते मग मारते. आमच्या ऑफिसातल्या मावशी अशाच हसतात.

तिसरी_घंटा, सासूबाईंचं वाचून फार छान वाटलं. तुमचं बरोबर आहे की दोन्ही सिनेमांना एकमेकांसमोर उभं करू नये. माझा राग ‘लापता’वर नाहीच. दोन्हीकडे घर हरवलेल्या बायका आणि दोन्हीकडे त्यांना आधार देणारी बाई छाया कदम, हेच मला सांगायचं होतं.

निळी_शाई | 6 मार्च, दुपारी 12:20

एक वेगळा मुद्दा. आंतरराष्ट्रीय सिनेमाचं ऑस्कर ब्राझीलला गेलं, ‘आय एम स्टिल हिअर’, वॉल्टर सालेसचा. ब्राझीलचं या विभागातलं पहिलंच. 1971 साली लष्करी राजवटीने रुबेन्स पाइव्हाला घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही, आणि त्याची बायको युनिस पाच मुलांना घेऊन आयुष्यभर उत्तर मागत राहिली. फर्नांडा टोरेसने काय काम केलंय! तिच्या आईलाही 1999 मध्ये याच दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी नामांकन होतं, आणि या सिनेमात म्हाताऱ्या युनिसचं काम आईनेच केलंय. ग्लोब मुलीला मिळाला, ऑस्कर हुकलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ऑस्करची रात्र आणि ब्राझीलचा कार्निव्हल एकाच दिवशी आले, आणि लोक रस्त्यावर टोरेसचे मुखवटे घालून नाचत होते. सिनेमा आधी देशात लाखो लोकांनी थिएटरला बघितला होता, म्हणून तो त्यांचा झाला होता. आणि लॅटव्हिया बघा, आपल्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षा लोक कमी, तिथल्या गिन्ट्स झिल्बालोडिसने ‘फ्लो’ केला, एकही संवाद नाही, ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि ॲनिमेशनचं ऑस्कर नेलं. त्यांना मिळालेला गोल्डन ग्लोब तिथल्या म्युझियममध्ये ठेवला तर लोक रांग लावून बघायला गेले.

आपल्याकडे असं कधी झालंय का? म्हणजे बक्षीस मिळायच्या आधी लोकांनी सिनेमा आपला मानलाय असं?

करवीरकन्या | 6 मार्च, संध्याकाळी 5:50

निळी_शाई, झालंय की! 2004 ला ‘श्वास’. संदीप सावंतांचा सिनेमा, ‘श्यामची आई’नंतर 50 वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं आणि भारताकडून ऑस्करला गेला तेव्हा प्रचाराला पैसे नव्हते म्हणून लोकांनी वर्गणी दिली होती. आमच्या शाळेतही डबा फिरला होता. नामांकन आलं नाही, पण त्या आजोबा-नातवासाठी आख्खा महाराष्ट्र बोलत होता. त्यानंतर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेला 2009 ला, ‘कोर्ट’ गेला 2015 ला. तिन्ही मराठी सिनेमे किती वेगळे आहेत एकमेकांपासून.

आणि आमच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या! भारताचं पहिलं ऑस्कर त्यांचं, ‘गांधी’च्या वेशभूषेचं, 1983 च्या समारंभात. 2012 मध्ये त्यांनी ते परत ॲकॅडमीकडे ठेवायला दिलं, आपल्यामागे त्याची नीट काळजी घेतली जाईल म्हणून. या गोष्टीने मला दरवर्षी ऑस्करच्या दिवसात वाईट वाटतं. ती बाहुली इथे ठेवायला जागा नव्हती असं नाही, विश्वास नव्हता. लॅटव्हियाच्या त्या रांगेबद्दल वाचून हेच आठवलं.

यंदा वेशभूषेचं ‘विकेड’साठी पॉल टेझवेलला मिळालं, हा मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय पुरुष. आतून बरं वाटलं.

वऱ्हाडकर | 9 मार्च, सकाळी 11:05

काल ‘स्थळ’ पाहून आलो म्हणून लिहितो. जयंत सोमलकरांचा. ज्यांच्या गावात लागला असेल त्यांनी आजच जा, काही आठवडाभर थांबायचं नाही, उतरून जाईल.

विदर्भातल्या गावची सविता, तिला शिकायचं आहे, परीक्षा द्यायच्या आहेत, आणि घरी पाहुणे पाहायला येतात. चहा-पोहे, पाटावर बस, नाव सांग, उंची सांग, शेतात काम करशील का. परत दुसरे पाहुणे, परत तेच. नुसतं ते तेच तेच दाखवून त्यानं अंगावर काटा आणला भौ. सगळी गावातलीच माणसं, नट कोणीच नाही. सविता होणाऱ्या पोरीचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. कापसाचा भाव, बापाचं कर्ज, हुंडा, सगळं एकात एक गुंतलेलं, कुठंही भाषण नाही.

आता ह्या धाग्याशी संबंध सांगतो. ‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात दाखवला सप्टेंबर 2023 मध्ये, तिथं आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार भेटला. त्याच टोरांटोत त्याच वर्षी ‘लापता लेडीज’ होता. दोन्हीत पोरीचं लग्न हाच विषय. एकामागं मोठं बॅनर होतं, तो सहा महिन्यात थिएटरला आला, नेटफ्लिक्सवर आला, ऑस्करला गेला. दुसरा दीड वर्ष थांबला. मी ‘लापता’वाल्यांना दोष देत नाही, त्यांनी चांगलंच काम केलं. पण आमच्या सवितेला दीड वर्ष काहून थांबा लागलं याचं उत्तर कोणी तरी द्या.

गोदाकाठ | 9 मार्च, दुपारी 4:40

वऱ्हाडकर भाऊ, दीड वर्षाचं काय घेऊन बसलात, ‘पाणी’चं बघा. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची गोष्ट, हनुमंत केंद्रे यांनी गावात पाणी आणलं त्याची, कारण पाणी नाही म्हणून गावात कुणी मुलगी देत नव्हतं. आदिनाथ कोठारेचा सिनेमा. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणाचा पुरस्कार मिळालेला, आणि थिएटरला आला 18 ऑक्टोबर 2024 ला. पाच वर्षं! निर्मितीत प्रियांका चोप्राची कंपनी असूनसुद्धा. मोठं नाव मागे असून ही गत, तर बाकीच्यांचं काय.

2024 च्या मराठी सिनेमांत मला तोच सगळ्यात जवळचा वाटला. माझ्या आत्याच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, रांगेत भांडणं होतात ती मी बघितलीयत. सिनेमात घागरी घेऊन पळणाऱ्या बायका बघताना बाजूच्या खुर्चीतले आजोबा ‘असंच असतंय’ एवढंच म्हणत होते.

एडिसनकर | 10 मार्च, सकाळी 7:30

‘स्थळ’ आणि ‘पाणी’ दोन्ही इथे कुठे बघता येतील कुणी सांगेल का? महाराष्ट्र मंडळात दाखवायचा प्रयत्न करता येईल. ‘ऑल वी इमॅजिन’ इथे नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला जाऊन बघितला होता, हॉल भरलेला, मराठी वाक्य आलं की आम्हीच तिघे-चौघे आधी हसायचो आणि बाकीचे सबटायटल वाचून मागून.

आणखी एक राहिलं. मराठी सिनेमाची या सीझनमधली सर्वात मोठी बातमी ऑस्करची नाहीच, सनडान्स या इथल्या चित्रपट महोत्सवाची आहे. जानेवारीच्या शेवटी रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ला वर्ल्ड सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं. सनडान्सला दाखवलेला हा पहिला मराठी सिनेमा आणि पहिल्याच खेपेला सगळ्यात वरचं बक्षीस! वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्याला मुंबईचा आनंद गावी येतो, नातेवाईक लग्नाचं विचारून हैराण करतात, आणि तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट, मराठीत, गावातली. एडिसनच्या एकाही मराठी ग्रुपवर या बातमीबद्दल मी दोन ओळींच्या वर वाचलं नाही.

रीळ | 27 मार्च, रात्री 10:15

धागा वर काढतोय, वाईट बातमी आहे. ‘संतोष’ इथे लागणार नाही. सेन्सॉर बोर्डाने कट सांगितले आणि दिग्दर्शिकेचं म्हणणं की तेवढे कापले तर सिनेमा उरतच नाही. पोलीस खात्यात नवऱ्याच्या जागी लागलेली बाई, दलित मुलीचा खून, त्याचा तपास. आपल्या भाषेत, आपल्या नट्या घेऊन, आपल्याबद्दल केलेला सिनेमा ब्रिटनचा म्हणून जगभर दाखवला गेला आणि तो आपल्यालाच बघता येणार नाही.

वर सांजवात ताईंनी शोच्या वेळांचं लिहिलं होतं. निवड समितीवर आपण सगळे तावातावाने बोललो, मीही बोललो आणि परत बोलेन. पण समिती वर्षातून एकदा बसते. सिनेमा लोकांपर्यंत जाऊ न देणारे हे बाकीचे दरवाजे रोज बंद असतात.

तिसरी_घंटा | 28 मार्च, सकाळी 8:50

यावर मात्र पूर्ण सहमत. सुनीता राजवार यांना त्यात कसं काम करायला मिळालंय हे वाचूनच बघायची इच्छा होती.

वऱ्हाडकर | 20 सप्टेंबर 2025, सकाळी 9:20

सहा महिन्यांनी परत वर आणतो, कारण आहे. काल एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. ‘साबर बोंडं’ थिएटरला लागला. राणा दग्गुबातीच्या कंपनीने आणलाय, ‘ऑल वी इमॅजिन’ पण त्यांनीच आणला होता. आणि फेडरेशनने यंदा ऑस्करला नीरज घायवानचा ‘होमबाउंड’ निवडला, घोषणा आपल्या एन. चंद्रांनी केली, समितीचे अध्यक्ष या वेळी तेच होते. लॉकडाऊनमध्ये घराकडे निघालेल्या दोन दोस्तांची गोष्ट, मे महिन्यात कानला दाखवलेली. म्हणजे गेल्या वर्षी कानवरून आलेला मागं ठेवला आणि या वर्षी कानवरूनच आलेला पुढं केला. मले तर बरं वाटलं.

दर्यावर्दी | 20 सप्टेंबर, दुपारी 1:10

घायवानांचं घर मराठी, हैदराबादेत वाढलेले. ‘मसान’पासून वाट बघत होतो दुसऱ्या मोठ्या सिनेमाची. दहा वर्षं लागली.

‘साबर बोंडं’ रत्नागिरीत नाही, चौकशी केली. कोल्हापूरला आहे का कुणी सांगा, करवीरकन्या?

करवीरकन्या | 20 सप्टेंबर, दुपारी 2:35

विचारून सांगते संध्याकाळपर्यंत. नसेल तर आम्ही काही जण मिळून थिएटरवाल्यांकडे अर्ज देणार आहोत, एवढे लोक यायला तयार आहेत, सकाळचा तरी शो लावा म्हणून. ‘स्थळ’च्या वेळी मैत्रिणीने तिच्या गावात असंच केलं होतं आणि त्यांनी दोन शो लावले होते. नावं लिहून द्यावी लागतात, आधी बुकिंग करावं लागतं, पण ऐकतात.

सांजवात | 20 सप्टेंबर, रात्री 9:45

करवीरकन्या, तो अर्ज कसा लिहिलात त्याचा मजकूर इथे टाकाल का? ठाण्यात या वेळी शो आहे, संध्याकाळचा आहे, मी उद्या आईला घेऊन जातेय. पण कल्याण-डोंबिवलीच्या मैत्रिणी विचारतायत, त्यांना उपयोगी पडेल.

आणि 26 तारखेला ‘होमबाउंड’ येतोय. पहिला शुक्रवार-शनिवार-रविवार बघूनच पुढच्या आठवड्याचे शो ठरतात, त्यामुळे ज्यांना जायचंय त्यांनी पहिल्या तीन दिवसांतच जा. आपापल्या गावाचं नाव, थिएटर आणि शोची वेळ इथे खाली लिहीत चला, मी सगळं एकत्र करून वर मूळ पोस्टमध्ये टाकत राहीन.

गोदाकाठ | 20 सप्टेंबर, रात्री 10:20

नांदेडचं मी बघतो. ‘साबर बोंडं’ आणि ‘होमबाउंड’ दोन्हीचं उद्या दुपारपर्यंत टाकतो.